मागमूस

माझ्या सुनेला भांडता येत नाही. लोकांना हा गुण वाटतो. ज्यांच्या घरात अशी सून नाही, त्यांना वाटतो. भांडणारी सून बरी असते. ती चार शिव्या देते, आपण पाच देतो, दोन पातेली आपटतात आणि दिवस मावळायच्या आत सगळं मिटतं. ही गप्प बसते. तिच्या सहा वर्षांच्या कष्टांवर मी माझ्या हातांनी माती लोटली, आणि त्यानंतर पंधरा दिवस तिनं मला रोज अंघोळीला पाणी तापवून दिलं, ताट आधी माझं वाढलं, पाठ धरली म्हणाले तर तेल लावून चोळून दिली. एक शब्द नाही. चोळताना हात जरा जोरात पडावा, तर तेही नाही. मला वाटायचं, बाई, एकदा तरी म्हण की म्हातारे, तुझं वाटोळं होवो. नाही. "आत्या, पाणी फार कढत नाही ना?" असं माणूस घरात असलं की आपल्याला स्वतःचंच तोंड दिसायला लागतं, आणि ते काही बघण्यासारखं नव्हतं.

आमची वस्ती जंगलाच्या पायथ्याला. घरं बावीस, विहीर एक, तोंडं शंभर. वस्तीच्या वर, टेकडीच्या बगलेत आमचा एक तुकडा आहे. वनखात्याच्या नकाशात ते जंगल, आमच्या पोटात ते शेत. माझ्या सासूनं ते कसलं, मग मी, मग माझ्या थोरल्यानं आणि त्याच्या बायकोनं. सहा वर्षांपूर्वी थोरला मध काढताना झाडावरून पडला आणि गेला. तेव्हापासून ती एकटी.

जंगलात शेत करायचं तर ते दिसता कामा नये. हे मला सासूनं शिकवलं आणि मी तिच्या चार पावलं पुढं गेले. ओळीत पेरायचं नाही. रेघ दिसली की माणूस दिसतो. झाडांच्या मधून मूठ मूठ उधळायचं, म्हणजे लांबून झुडपंच वाटतात. दगड लावायचेच तर वरून गडगडत आले आणि इथं थांबले असे लावायचे, शेवाळाची बाजू वर. रोज एकाच वाटेनं जायचं नाही, पायवाट पडते. चूल मांडली तर उठताना तीन दगड तीन दिशांना, काळं तोंड खाली. मळणी लुगड्यावर करायची आणि भुसासुद्धा गाठोड्यात बांधून घरी आणायचा. फांदी तोडली तर खुंटाला चिखल चोळायचा. माझं काम इतकं सफाईचं की गार्ड माझ्या शेतात उभा राहून मला विचारायचा, "काय गं, इकडं कुणी शेतबीत करतं का?" एकदा तर तो माझ्याच भोपळ्याला ठेचकाळला आणि जंगली समजून घरी घेऊन गेला. चांगला निघाला असणार, माझा होता.

वस्तीत माझं नाव होतं ते यावर. बाकी प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी पकडलं गेलं होतं. कुणाची कुऱ्हाड गेली, कुणाचा बैल तीन दिवस कोंडवाड्यात. मी कधीच नाही. एकदा एक गार्ड अगदी समोर आला, तर मी त्याच्या अंगावर कुदळ फेकली आणि तो टोपी टाकून पळाला, ही गोष्ट वस्तीत नव्या सुनांना सांगायची पद्धत होती. सुनेलाही मीच सांगितली होती, ती माप ओलांडून आली त्याच आठवड्यात.

तर ही सून. नवरा गेल्यावर तिनं शेत आपल्या पद्धतीनं करायला घेतलं. पहिल्या वर्षी उताराला आडवा एक बांध घातला. दगडाचा, गुडघ्याएवढा, दोरी लावून सरळ. दुसऱ्या वर्षी दुसरा. मी वर गेले आणि बघतच राहिले.

"हे काय मांडलंयस? लग्नाचा मांडव?"

"माती वाहून जाते आत्या. पावसाळ्यात अर्धं शेत ओढ्यात जातं."

"जाऊ दे. गेलेली माती परत येते. गेलेलं शेत येत नाही."

ती हसली आणि पुढचा दगड उचलला. असे चार बांध झाले. एक खोपटं झालं, पाणी साठायला खड्डा झाला, आणि शेवटच्या बांधाखाली लिंबाची पाच रोपं. रोपांना ती घागरीनं पाणी घालायची, पोरांना दूध पाजावं तसं, एकेकाजवळ बसून. मला ते शेत बघवत नव्हतं. भर बाजारात पदर पडल्यासारखं ते उघडं दिसायचं.

मग आमच्या वस्तीतल्या शिंप्यानं बातमी आणली. लिहिता-वाचता येतं म्हणून वनहक्क समितीचं काम त्याच्या गळ्यात, गळ्यातल्या टेपाशेजारी. नवा कायदा झालाय म्हणाला, जे पिढ्यान्‌पिढ्या जंगलात कसतात त्यांना जमिनीचा कागद मिळणार. बायकांच्या नावानंही मिळणार. आणि ज्यांना मिळणार नाही त्यांचे तुकडे नव्या कुंपणाच्या आत जाणार, कारण वरच्या अंगाला जनावरांसाठी जंगल राखायचं ठरलंय. मी त्याला म्हणाले, "तू आधी माझ्या चोळीची बाही सारखी कर, मग कायदा सांग." बायका हसल्या. सून हसली नाही. ती ऐकत होती.

दीडएक महिन्यानं एका दुपारी ती धान्य पाखडता पाखडता म्हणाली, "आत्या, परवा मोजणीवाल्या बाई येणार आहेत. वरचा तुकडा बघायला."

"कुणी बोलावलं त्यांना?"

"मी अर्ज केलाय."

"कुणाच्या नावानं?"

सूप थांबलं नाही. "माझ्या."

मला राग कशाचा आला ते आज नीट सांगता येतं, तेव्हा येत नव्हतं. चाळीस वर्षं ते शेत मी झाकलं. काल आलेल्या पोरीनं ते परक्याला दाखवायचं ठरवलं, आणि दाखवताना मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. ती पुढं बोलत होती. काय बघणार, काय विचारणार, मी काय सांगायचं. मी पदर कानांवरून ओढून घेतला आणि भिंतीकडं तोंड करून पडले. मागून सुपाचा आवाज येत राहिला.

मोजणी मी एकदा बघितली होती. आमच्या खालच्या अंगाला एक वस्ती होती, तीस घरांची. तिथंही माणसं आली, साखळ्या टाकल्या, खांब पुरले, चहा प्यायले, लेकरांना गोळ्या वाटल्या. पुढच्या वर्षी ट्रक आले. ती माणसं आता कुठल्याशा शहराच्या कडेला पत्र्याखाली राहतात असं ऐकते. त्यांच्यातली एक माझी मैत्रीण होती. जाताना ट्रकमधून मला म्हणाली, "आमचं दिसलं गं त्यांना. तुझं दिसू देऊ नकोस."

म्हणून मोजणीच्या दिवशी, सून त्या लोकांना आणायला रस्त्यावर गेली, तशी मी वर गेले. उजाडलं होतं. दव होतं, दगड गार होते. पहिला बांध मोडायला मला फार वेळ लागला, तिनं असा घट्ट बसवलेला, फटीत बोट जात नव्हतं. नख तुटलं. मग मला युक्ती सुचली, खालचा एक दगड पहारीनं काढला की वरचे आपोआप येत होते. ते मी पायानं उतारावर लोटले, कुठं कुठं थांबले तिथं शेवाळ वर करून ठेवले. दुसरा मोडला. तिसरा मोडला. गुडघ्यात कळा येत होत्या, पण सांगते, मला बरं वाटत होतं. हात चालत होते, जुनं काम आठवत होतं. चौथा मोडला. खोपट्याच्या मेढी उपटल्या, गवत पांगवलं. खड्डा पाल्यानं भरला. चुलीचे दगड फेकले. मग लिंबं. लिंबाचं झाड जंगलात उगवत नाही, ते सांगून मोकळं होतं. पाचही उपटली. मुळं पांढरी होती, पोराच्या दातांसारखी. ओढ्यात टाकली. शेवटी एका फांदीनं माझी पावलं झाडली आणि सरपण गोळा करत असल्यासारखी वाकले.

ते आले तेव्हा ऊन चढलं होतं. मोजणीवाली बाई, तरणी, हातात एक यंत्र. तिच्यामागं गार्ड, तोही तरणाच. मग शिंपी. सगळ्यांच्या पुढं सून, वाट दाखवत. धुतलेलं लुगडं नेसली होती. चढ संपला आणि ती थांबली.

मोजणीवाली तिच्याजवळून पुढं आली. "आजी, काय करताय इथं?"

"सरपण."

"हे शेत कुणाचं?"

"कसलं शेत? तुमचे डोळे तरणे आहेत, बघा की. जंगल आहे."

"इथं तुमच्या घरचं कुणी कसत नाही?"

"आमच्या घरच्या बायका जंगलात पाय ठेवत नाहीत. खानदानी घर आहे."

"मग तुम्ही कशा आलात?"

"मी म्हातारी आहे. म्हातारी काय बाई असते?"

गार्ड हसला. मला हसवायला आवडतं, मी मान ताठ केली. मग माझं लक्ष सुनेकडं गेलं. ती बांधांच्या जागा बघत होती. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. मग लिंबांची जागा. मग तिनं माझे हात बघितले. कोपरापर्यंत चिखल होता आणि तुटलेल्या नखातून रक्त येत होतं. मी हात पदरात घेतले.

मोजणीवालीनं कागद उघडला. "तुम्ही अर्जात चार बांध लिहिलेत. खोपटं, पाण्याचा खड्डा, पाच झाडं. कुठायत?"

आता बोलेल, असं मला वाटलं. हे सासूनं मोडलं, आताच मोडलं, दगडाखालची माती अजून ओली आहे, हात लावून बघा. एवढं म्हणायचं होतं. खोटंही नव्हतं.

"नाहीत," ती म्हणाली.

"नाहीत म्हणजे?"

"आता नाहीत."

गार्ड म्हणाला, "बाई, मी लिहू का? कसवणुकीची खूण नाही." मोजणीवालीनं कागद मिटला. मग म्हणाली, लिहा.

उतरताना शिंपी मुद्दाम माझ्याबरोबर मागं राहिला. "आजी," तो म्हणाला, "तुम्ही हे काय केलंत? आज ते बघायलाच आले होते. जेवढं दिसेल तेवढं तुमचं. दिसणार नाही ते कुंपणात."

"मला कुणी सांगितलं नाही."

"तिनं सांगितलं नाही?"

तिनं सांगितलं होतं. मी कानांवर पदर घेतला होता.

त्या दिवशी घरी गेल्यावर तिनं माझ्या नखाला हळद लावली आणि चिंधी बांधली. गाठ घट्ट झाली का, विचारलं.

दुसऱ्या दिवशी ती वर गेली आणि तिनं पहिल्या बांधाचा पहिला दगड परत जागेवर लावला. मी मागून गेले. मी दगड हुडकून द्यायचे, ती बसवायची. मी दिलेला दगड बसत नसला तर बाजूला ठेवायची, नको म्हणायची नाही. असे आम्ही रोज जायचो. माझी पाठ धरली, तिच्या हातांची सालं निघाली. आठव्या दिवशी गार्ड वरून जाताना थांबला. वाईट माणूस नव्हता, खाली बसून पाणी मागून प्यायला. म्हणाला, "आता रचून काय उपयोग, आजी? आता हे नवं बांधकाम धरतील. उलट गुन्हा होईल. जुना पुरावा लागतो, जुना." मी म्हणाले, "मी काय कमी जुनी आहे?" तो हसला. पण मला त्या दिवशी हसवून काही वाटलं नाही.

हरकतीची सुनावणी पंधराव्या दिवशी होती. त्याआधी शिंप्याच्या पडवीत रोज माणसं जमायची. आणि काय सांगू, जग उलटं झालं होतं. शिंप्यानं सांगितलं होतं की खात्यानं पूर्वी पकडलं असेल, हत्यार जप्त केलं असेल, तर तो कागद सगळ्यात पक्का पुरावा. पकडलं तर पकडलं कुठं, शेतात. म्हणजे शेत होतं. झालं. ज्या गोष्टी माणसं तीस वर्षं गिळून बसली होती, त्या मिरवायला लागली. "माझ्या सासऱ्याला तीनदा पकडलं," एक म्हणायची. "तीनदाच? आमच्याकडं पाच वेळा, एकदा तर बैलासकट." माझी शेजारीण, जिला आम्ही चुरमुरी म्हणतो कारण तिचं तोंड कधी थांबत नाही, ती म्हणाली, "मला एकदा दोन मुस्काटात मारल्या होत्या, ते धरतील का रे?" शिंपी म्हणाला, "लिहून ठेवलं असेल तर धरतील." सगळे हसले. मग चुरमुरी माझ्याकडं वळून म्हणाली, अगदी कळवळून म्हणाली, टोमणा नव्हता तो, "अगं, तुझंच वाईट झालं बघ. तुला मेलीला कधी पकडलंच नाही."

सून शिंप्याच्या उंबऱ्याजवळ बसली होती. तिनं मान वर केली नाही.

त्या संध्याकाळी तिनं माझ्या पाठीला तेल लावलं. मी पालथी पडून जमीन बघत होते. तोंडाशी आलं होतं. म्हणाले, "ऐक."

"काय आत्या?"

"जरा खाली. कमरेत."

तिनं कमर चोळली.

मला पकडलं होतं. थोरला तेव्हा चार महिन्यांचा, पाठीवर बांधलेला. मी कुदळीनं वाफा उकरत होते आणि गार्ड मागून आला, आवाज न करता, माझ्यासारखाच. कुदळ मी फेकली नाही. ती त्यानं माझ्या हातातून घेतली आणि मी ती दिली. मला चौकीवर नेलं. चौकीच्या अंगणात मजूर रोपं भरत होते, पंधरावीस बाप्ये. त्यांच्यासमोर मला कान धरून उठायला बसायला लावलं, प्रत्येक वेळी म्हणायचं, मी चोर. पोरगं पाठीवर रडत होतं. त्याला पाजायची वेळ होऊन गेली होती, दुधानं माझी चोळी पुढून सगळी भिजली, मजुरांतला एक ते बघून दुसऱ्याला ढोसत होता. मी किती वेळा उठले-बसले ते माहीत नाही. मला मोजता येत होतं तेवढे आकडे संपले. मग मी गार्डच्या पायांवर पडले. त्यानं एका वहीवर माझा अंगठा घेतला, आणि अंगण झाडून जा म्हणाला. मी झाडलं. घरी येऊन नवऱ्याला म्हणाले, कुदळ त्याच्या अंगावर फेकली आणि तो पळाला. नवऱ्यानं ती गोष्ट पारावर सांगितली. तिथून ती मोठी होत गेली, आणि मी तिच्याबरोबर.

म्हणजे त्या चौकीच्या कुठल्यातरी गठ्ठ्यात माझा अंगठा होता. आणि तो कामाचा आहे, हे शिंप्यानं पुराव्याचं सांगितलं त्या पहिल्या क्षणापासून मला कळलं होतं. आणि तरी मी रोज त्या पडवीत जाऊन बसत होते आणि लोकांची कणव ऐकून घेत होते. बांध मोडले ते चुकून मोडले, असं म्हणता येईल. हे पंधरा दिवस चुकून नव्हते.

सुनावणी शाळेच्या वर्गात होती. मोठ्या साहेबांच्या जागी मोजणीवालीच बसली होती, टेबलाशी. शेजारी गार्ड, आणि त्याच्या पायांशी चौकीचे जुने गठ्ठे, मागवलेले, वाळवी लागलेले. आम्ही मुलांच्या बसकण्यांवर, गुडघे हनुवटीला लावून. माझा धाकटा शहरातून आला होता. तिकडं गाडी चालवतो. जमिनीचा विषय निघाला की त्याला घर आठवतं. त्यानं मला बाजूला घेऊन सांगितलं, "आई, काही जमलं तर तुझ्या नावावर कर. वहिनीचं काय, उद्या ती माहेरी गेली म्हणजे?"

"बारा वर्षांत गेली नाही ती. तूच गेलास," मी म्हणाले.

एकेकाचं नाव निघालं. आमचं निघालं. मोजणीवालीनं वाचलं, कसवणुकीची खूण नाही, दावा नामंजूर होण्यासारखा आहे, काही म्हणायचंय का? सून उभी राहिली. तिच्याकडं सांगण्यासारखी एकच गोष्ट होती आणि ती सांगितली असती तर माझं नाव गेलं असतं. ती उभी राहिली आणि तशीच खाली बसली.

मी उठले. गुडघे वाजले, मागं कुणी पोर हसलं.

"मला पकडलं होतं," मी म्हणाले.

चुरमुरी म्हणाली, "अगं बस, आता खोटं बोलून काय होणार?"

"ते आधीचं खोटं होतं. हे ऐक." आणि मी सांगितलं. बांध मोडले तेही सांगितलं, लिंबं उपटली तेही, आणि मग चौकीचं. सगळं. चोळी भिजली तेही सांगितलं, धाकट्यासमोर, शिंप्यासमोर. कुणीकडं बघून सांगावं कळेना, म्हणून फळ्याकडं बघून सांगितलं. फळ्यावर कुणीतरी पाढे लिहिलेले होते.

मोजणीवालीनं वर्ष विचारलं. मला वर्षं कळत नाहीत. मी म्हणाले, थोरला चार महिन्यांचा होता, आणि त्या साली विहीर पहिल्यांदा आटली. शिंप्यानं वर्ष काढून दिलं. गार्डनं गठ्ठे सोडले. आम्ही बसून राहिलो. पानं उलटायचा आवाज, आणि वाळवीची माती टेबलावर. कुणी बोलत नव्हतं. चुरमुरीसुद्धा.

"आहे," गार्ड म्हणाला. त्यानं मोजणीवालीकडं बघितलं. "वाचू?"

"वाचा. मोठ्यानं वाचावं लागतं."

त्यानं वाचलं. जागा, वरची टेकडी. बाई एक, लेकरासह. कुदळ एक, जप्त. जमीन उकरताना आढळली. गुन्हा कबूल. तो थांबला. मी म्हणाले, "वाच बाबा, लिहिलंय ते वाच." त्यानं खाली बघून वाचलं. "बाई रडली व पाया पडली. अंगण झाडून घेऊन सोडली."

वर्गात कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, मला हसणाऱ्यांना उत्तर देता येतं. धाकटा खिडकीबाहेर बघत होता. मोजणीवालीनं शाईची डबी पुढं केली, मी अंगठा उठवला, तिनं भिंग लावून जुना आणि नवा, दोन्ही ठसे बघितले. एका जागी तिरकी चीर आहे, लहानपणी विळ्यानं कापल्याची. ती दोन्हीकडं होती.

"हा पुरावा धरता येईल," ती म्हणाली. "जुना आहे, जागाही तीच आहे." मग तिनं पेन टेकवलं आणि उचललं. "पण आजी, हा पुरावा तुमचा आहे. नाव तुमचं लिहू की अर्जात आहे ते?"

धाकटा पहिल्यांदा खिडकीतून वळला. "आईचंच लिहा."

"मी सहा वर्षांत तिथं एक मूठ पेरली नाही," मी म्हणाले. "जमीन ती कसते."

मोजणीवाली सुनेला म्हणाली, "तुम्हाला सांगावं लागेल. जमीन कोण कसतं?"

सगळा वर्ग तिच्याकडं बघत होता. ती उभी राहिली, पदर नीट केला, आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "आत्या म्हणतील तसं."

मी तिच्यापाशी गेले. हात धरला नाही, डोक्यावर ठेवला नाही. समोर उभी राहिले, भांडायला उभी राहतात तशी.

"लोक तुला गरीब म्हणतात. तू गरीब नाहीस, तू भित्री आहेस, अगदी माझ्यासारखी. मी माझी लाज झाकायला तोंड चालवलं आणि शेत घालवलं. तू माझीच लाज झाकायला तोंड मिटलंस आणि तेच शेत दुसऱ्यांदा घालवायला निघालीस. माझी आता यांनी मोठ्यानं वाचून दाखवली, त्यामुळं झाकायला काही शिल्लक नाही. तेव्हा माझ्याकडं बघू नकोस. त्या बाईकडं बघ, आणि 'मी' म्हण."